धामणीचा ओंडका

२१ फेब्रुवारी, शनिवार. पाचरींची तोंडं कानशीने घासून ठेवली. तीन मिळाल्या, चौथी तुम्ही कुठे ठेवलीत ते तुम्हालाच ठाऊक. घण गोठ्यात होता. त्याचा दांडा ढिला झालाय, म्हणून पाण्यात बुडवून ठेवलाय, सकाळपर्यंत फुगेल. ऑइल पेंटचा डबा उघडला तर वर साय धरलेली. ती काढली. खाली रंग चांगला आहे.

तुमच्या शाळेतून निरोप आला, सरांवर काहीतरी लिहून द्या. जन्म कुठला, नोकरी किती, बक्षिसं कोणती, ते सगळं त्यांच्याकडे आहे. ते लिहितील. मला तुमच्याशी ओंडक्याचं बोलायचंय. तो विषय आपण अर्धवट सोडला आणि तुम्ही गेलात.

सोमवारी संध्याकाळी तुम्ही तो आणलात. ओढ्याकडच्या वावरात जेसीबी लावून बांध सपाट करत होते, त्यात बांधावरचं धामणीचं झाड आडवं झालं. तुम्ही शाळेतून परस्पर तिकडे गेलात, मधला सरळ भाग कापून घेतलात, ट्रॅक्टरवाल्याला चहा पाजलात आणि ओंडका दारात उतरवलात. पुरुषभर लांब, घागरीच्या पोटाएवढा जाड, कापल्या जागी ओला. किती खूश होतात. आता या बाजूला धामण राहिलीय कुठे? बांबू हवा तेवढा मिळतो, पण धामण वाकते आणि जिथली तिथे परत येते, धनुष्याला तसं दुसरं लाकूड नाही, हे तुमचं पालुपद मला पाठ झालंय.

"लगेच फोडा," मी म्हटलं. "गोल ठेवलंत तर तडकणारच. कुठे तडकायचं ते आपण ठरवू."

"सालीसकट राहू दे," तुम्ही म्हणालात. "साल आहे तोवर ओल हळूहळू जाईल. पावसाळा लागला की फोडू."

"मधे उन्हाळा आहे. विसरलात वाटतं."

"तू कांद्याचं बघ."

"मग निदान दोन्ही तोंडांना रंग तरी लावा आज."

"अगं, हात धुतलेत आता. सकाळी लावतो."

सकाळी तुम्ही लवकर शाळेत गेलात. मैदानावर तिरंदाजीच्या पोरींच्या नेमासाठी पेंढा बांधताना छातीत कळ आली म्हणे. दुपारच्या आधी तुम्हाला ॲम्ब्युलन्समधून आणलं आणि ओंडक्याच्या शेजारी उतरवलं, कारण अंगणात तेवढीच सावली होती. तुम्ही आणि तो, दोघे शेजारी शेजारी. तुमच्या तोंडावर कुणीतरी पदर घातला. त्याची तोंडं उघडीच होती.

तेव्हापासून लोक त्याच्यावर बसतायत. भेटायला येणारा प्रत्येक माणूस सतरंजीपेक्षा ओंडका बरा म्हणून तिथे टेकतो. पुरुष त्याच्यावर तंबाखू मळतात. तुमच्या आत्तेबहिणीने त्याच्या सालीवर कपाळ टेकून हंबरडा फोडला. आणि सर, खरं सांगते, बायका माझ्या गळ्यात पडून रडत होत्या आणि माझं लक्ष त्याच्या कापल्या तोंडाकडे होतं. बुधवारी मधोमध केसाएवढी रेघ दिसली. गुरुवारी तिला फाटे फुटले. काल तिच्यात माझं नख गेलं. या वाऱ्यात हिरव्या लाकडाचं तोंड असं उघडं ठेवायचं म्हणजे काय, ते आपल्याला दोघांनाही माहीत. तोंडाकडून ओल भराभर निघून जाते, आतलं लाकूड मागे राहतं, आणि मग ते फाटतं.

बुधवारी मी रंगाचा डबा शोधायला उठले तर तुमच्या आईने, आत्यांनी, हात धरला.

"खाली बस," आत्या म्हणाल्या. "सुतकात लाकडाला हात लावायचा न्हाई. लोखंड तर न्हाईच न्हाई."

"आत्या, नुसता रंग लावतेय."

"रंग? घरात मयत झालंय आन् तू रंग लावतीस?"

मी बसले. ऐंशीच्या पुढची बाई, पोटचा पोरगा गेलेला. तिच्याशी ओल आणि वारा यावर काय बोलायचं? त्या दिवशी माझ्या बांगड्या काढायला दोघी पुढे आल्या होत्या, तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि माझ्या मी काढल्या. ते त्यांनी चालवून घेतलं. आता रंगावरून भांडण नको, असा विचार केला.

आपण दोघे हे लाकूड वाळवणं शिकलो ते काही कुणाकडून नाही. नासवून नासवून शिकलो. पहिल्या वर्षीचं आठवतं? तुम्ही कुठूनतरी धनुष्यांसाठी बाभळीच्या आणि धामणीच्या कांबी चिरून आणल्या. बोटाएवढ्या जाड, साली काढलेल्या, पांढऱ्या, ओल्या. मी पत्र्यावर कुरडया घातल्या होत्या. तुम्ही म्हणालात, कुरडया वाळतात तिथे कांबी का वाळणार नाहीत? आणि कुरडयांच्या शेजारी मांडून दिल्यात, वर माझं जुनं पातळ टाकून. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. वाळवण म्हणजे ऊन, एवढंच आपल्याला ठाऊक. दुपारी आपण जेवत होतो आणि पत्र्यावर फट फट आवाज सुरू झाले. तुम्हाला वाटलं माकडं आली. काठी घेऊन वर गेलात आणि तिथूनच ओरडलात, "अगं, फुटतायत!" चैत्राच्या उन्हात एकेक कांब टोकापासून टोकापर्यंत उकलत होती. कुरडया मात्र छान वाळल्या. त्या वर्षी तळताना दर खेपेला तुम्ही म्हणायचात, "ही धनुष्याची कुरडई."

मग कांदा चाळ. तो वाद तर कधी मिटलाच नाही. चाळीला खालून वारा, बाजूंनी वारा, वर छप्पर, ऊन आत येत नाही. लाकडाला याहून चांगली जागा नाही हे तुमचं म्हणणं बरोबरच होतं. पण तुम्ही कांबी आडव्या बांबूंवर मांडल्यात कुठे, तर माझ्या कांद्याच्या बरोबर वर. पावसाळ्यात कांदा घामेजला, खालून वाफ सुटली, आणि तुमच्या कांबींवर काळी बुरशी चढली. तुमच्या कांबींनी वारा अडवला म्हणून माझ्या कांद्याला कोंब आले. आपण दोघेही एकमेकांना नासवलं म्हणून ओरडत होतो. आत्या बाहेर येऊन म्हणाल्या होत्या, "दोघांचंबी सडलं, आता तरी गप बसा."

शेवटी मधला कप्पा तुम्हाला दिला. दिला म्हणजे तुम्ही घेतलात. दर हंगामाला मी म्हणायचे, तो कप्पा मला लागतो, आणि तुम्ही म्हणायचात, यंदाच्या वर्षी राहू दे, कांबी वाळत आल्यात. त्याच कप्प्यात तुम्ही रीत बसवलीत. तोडल्या तोडल्या तोंडांना रंग. मग पावसाळा लागला की मधोमध पाचर मारून दोन फाका. मग सालीला धक्का न लावता, हवा खेळेल असं अंतर ठेवून, चिपा घालून एकावर एक रचायचं. दर रविवारी माझ्या कांद्याच्या काट्यावर एकेक कांब ठेवून वजन बघायचात आणि खडूने तिच्यावरच आकडा लिहायचात. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं.

आणि वाळलं तरी तुमचं समाधान नाही. बोटाच्या पेराने टकटक करून, कान लावून, "अजून नाही." पुढच्या वर्षीही, "अजून नाही." शाळेतल्या पोरी बांबूच्या धनुष्यांवर खेळून जिल्ह्याला जाऊन आल्या. तुम्ही म्हणायचात, यांना खऱ्या लाकडाची देईन, पण कच्चं लाकूड हातात देऊन ते ऐन वेळी मोडलं तर पोरीच्या तोंडावर बसेल. तेही बरोबर. पण सर, चार-चार वर्षं? मी एकदा चिडून म्हटलं होतं, "ठेवा असंच. एक दिवस चुलीत जाईल." तुम्ही हसलात. "चूल आहे कुठे तुझ्याकडे? गॅस आहे."

गॅसच. तिथेच घोटाळा झाला.

आपल्याकडे मयताला लाकूड भावकीने जमवायचं. घरच्यांनी त्यात पडायचं नाही, विचारायचंही नाही. पूर्वी प्रत्येकाच्या दारात सरपणाचा ढीग असायचा, चार घरं फिरलं की गाडी भरायची. आता दारोदार गॅस, आणि सरपण कुणाकडेच नाही. गोवऱ्या मिळतात, पण लाकडाला तालुक्याला जावं लागतं. उन्हं उतरायच्या आत उरकायचं म्हणून घाई. मी आत होते. बाहेर ट्रॉली भरत होती एवढं ऐकू येत होतं. चाळ घराच्या मागे, तिथून कोण काय उचलतंय ते दिसत नाही.

गुरुवारी पुरुष राख सावडायला गेले. परत आल्यावर विलास भावजी ओसरीवर माझ्यासमोर बसले. तुमचा धाकटा भाऊ, तुम्हाला माहीतच आहे, गप्प बसता येत नाही त्याला. मला बरं वाटावं म्हणून बोलत होता.

"वहिनी, दादाची राख बघाया पायजे हुती. पांढरीफेक. एक कोळसा न्हाई. मागच्या महिन्यात वरल्या आळीच्या म्हाताऱ्याला टायर टाकावा लागला, आठवतं? दादाला टायर न्हाई, रॉकेल न्हाई. असं वाळलेलं लाकूड गावात कुनाच्याच मयताला न्हाई मिळालं."

"कुठून आणलं?" मी विचारलं.

"आनलं कुठनं, तुमच्याच चाळीतलं की. मधल्या कप्प्यात हुतं. पोरांनी सगळं काढलं. लई नामी लाकूड, वहिनी! ट्रॉलीत टाकताना कसं टणाटण वाजत हुतं, टाळ वाजल्यावानी."

मी म्हटलं, "बरं केलंत."

दुसरं काय म्हणणार? त्याने चुकून केलं नाही, वाईट हेतूने केलं नाही. भाऊ जळायचाय आणि घरात कोरडं लाकूड आहे, त्याने ते घेतलं. विलासने तुमची कांब कधी हातात घेतली नव्हती. तो ट्रक चालवतो, महिन्यातून चार दिवस घरी. त्याच्या लेखी ते सरपण होतं.

सगळे गेल्यावर मी चाळीत गेले. मधला कप्पा मोकळा. आडवे बांबू जागेवर, मधल्या चिपा खाली सांडलेल्या, आणि जमिनीवर रंगाचे दोन लाल टवके. बस, एवढंच. मी तिथे उभी राहिले तेव्हा मला रडू आलं नाही. राग आला, तोही विलासचा नाही, तुमचा. टणाटण वाजत होतं म्हणाला तो. म्हणजे वाळली होती, सर. सगळी वाळली होती. तुम्ही कान लावून "अजून नाही" म्हणत होतात, आणि ज्याला त्यातलं काही कळत नाही त्याला ट्रॉलीत टाकताना ऐकू आलं.

मग राग जरा उतरल्यावर दुसरं सुचलं, तेही लिहिते, नाहीतर अर्धंच होईल. धूर फार झाला नाही म्हणे. अंधार पडायच्या आत सगळं संपलं. या गावात मी अशी मयतं पाहिलीत की दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पेटवावी लागतात. तुमच्या बाबतीत तसं झालं नाही. तुम्ही चार वर्षं रचून, उलटून, वजन करून जे वाळवलंत, ते दुसऱ्या कुणाच्या नाही, तुमच्याच अंगाखाली गेलं. याचं समाधान मानायचं की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण तुम्हाला टायर लागला नाही, हे खरं आहे, आणि त्याचं मला बरं वाटतं.

काल शाळेतल्या पोरी आल्या, गणवेशातच, रांगेने. आत्यांच्या पाया पडल्या. त्यातली एक, गोरटेलीशी, वेणी पुढे घेतलेली, मला म्हणाली, "बाई, सरांनी वाळत घातलेली लाकडं आहेत ना? सर म्हणायचे, उन्हाळ्याच्या सुट्टीत करू." मी काही बोलायच्या आत आत्यांनी त्यांना चहाला बसवलं. विलास भावजी दारात उभा होता. त्याने ऐकलं. माझ्याकडे बघितलं आणि बाहेर गेला.

म्हणजे आता उरलंय काय, तर हा ओंडका. दुसरी धामण मिळायची नाही, आणि हिला रोज थोडं थोडं फाटताना मी बघतेय. दहावा व्हायला अजून अवकाश आहे. तोवर थांबले तर तडा आरपार जाईल आणि पोरींच्या धनुष्यांसाठी या घरात काहीच राहणार नाही. आज संध्याकाळी आत्यांना सरळ सांगितलं.

"आत्या, उद्या ओंडका फोडणार आहे."

"मी काय सांगितलं तुला?"

"त्यांचं सुतक मला लागलंय, लाकडाला नाही. ते फाटायचं थांबत नाही."

आत्यांनी गोधडी पायांवर ओढून घेतली. मग म्हणाल्या, "त्योबी असाच. मी सांगितलेलं एक ऐकलं न्हाई कधी." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. ही परवानगी आहे असं मी धरलंय.

तुमचं म्हणणं सालीसकट ठेवायचं, माझं म्हणणं फोडायचं. तुम्ही असतात तर अजून आठवडाभर भांडलो असतो आणि मग बहुतेक तुमचंच झालं असतं. आता माझंच होणार, कारण समोर कोणी नाही. असं जिंकायचं नव्हतं मला. तुम्ही रागावून "तू कांद्याचं बघ" म्हणायला हवं होतं आणि मी ऐकायला नको होतं. तसं तुम्ही माझं खूप ऐकलंत. लग्नानंतर शेत माझ्या हातात दिलंत, पगार होता तरी कांदा भरायला सुट्टीच्या दिवशी खांद्याला खांदा लावून उभे राहिलात, आणि एकदा मैदानावर नेऊन माझ्या हातात धनुष्य दिलंत. माझा बाण पाण्याच्या टाकीला लागला. पोरी हसल्या, तुम्ही म्हणालात, "नेम बरोबर आहे, लक्ष्य चुकीच्या जागी ठेवलंय." हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण मला त्या दिवशी फार आवडलं होतं सगळं.

रविवार. पहाटे तोंड धुऊन बाहेर आले. पहिल्यांदा तडकलेल्या तोंडाचा चार बोटं तुकडा करवतीने कापून टाकला, तडा किती आत गेलाय ते बघायला. बराच आत गेलाय, पण आरपार नाही. त्याच तड्यात पहिली पाचर टेकवली आणि घण उचलला. दोन घाव घातले, तेवढ्यात विलास भावजी भाकरीचं फडकं घेऊन आला. सुतक आहे म्हणून घरात स्वयंपाक नाही, शेजारून येणारं जेवण तोच आणतो. तो बघत राहिला.

"वहिनी, काय हे? लोक काय म्हनतील?"

"लोक यायच्या आत उरकू. घण धरता का?"

त्याने फडकं ओट्यावर ठेवलं आणि घण घेतला. पाचर आत गेली, तडा पुढे पळाला, तिथे दुसरी लावली, मग तिसरी. साल कराकरा फाटली आणि ओंडका दोन फाकांत उघडला. आतून अजून ओला, पिवळसर, करकरीत. एका फाकेत गाठ निघाली आणि लाकडाचे धागे तिच्याभोवती वळून गेलेले. तिचं काही होणार नाही. दुसरी फाक टोकापासून टोकापर्यंत सरळ. मी लगेच तिच्या दोन्ही तोंडांना जाड रंग फासला. तोवर घण टेकवून तो उभा राहिला होता.

"हिच्या अजून दोन करायच्या," मी म्हटलं, आणि फाकेच्या मधोमध पाचर बोटांनी उभी धरली. लाकूड घट्ट होतं, धरल्याशिवाय पाचर उभी राहत नव्हती.

त्याने घण उचलला नाही.

"वहिनी, चाळीतलं ते... असंच वाळवायचं हुतं का? पोरी इचारत हुत्या ते?"

"हो."

"तयार झालेलं?"

गुरुवारपासून हे सांगायचं की नाही ते माझं ठरत नव्हतं. तो असा समोर उभा राहिल्यावर ठरवायला काही उरलं नाही.

"हो," मी म्हटलं. "वाळली होती सगळी."

 त्याने बाहीने डोळे पुसले, तळहातांवर थुंकला आणि घण डोक्यावर घेतला. त्याचा नेम दोनदा चुकला. दोन्ही वेळा घण लाकडात, माझ्या बोटांच्या शेजारी बसला. मी पाचर सोडली नाही. तिसऱ्या घावाला ती आत गेली.